माळ्यावरील पाचवी चिमणी

(शास्त्रभाग : स्तोत्र ८४, मत्तय १०:२९-३१, लूक १२:६, ७)



वैशाख सरत आला की आपल्या भोर-वेल्ह्याच्या डोंगरी मुलखात घरोघरी एकच लगबग सुरू होते. मृग लागण्यापूर्वी कौले चाळून झाली पाहिजेत, फुटकी बदलली पाहिजेत, सरपण व गोवऱ्या माळ्यावर गेल्या पाहिजेत. तोरण्याच्या माथ्यावर एकदा ढग बसला म्हणजे तो चार महिने हलावयाचा नाही, आणि ज्याने हयगय केली त्याच्या चुलीत पाणी ठरलेले. गेल्या उन्हाळ्यात ह्याच दिवसांत कानंद खोऱ्यातील आमच्या घराच्या माळ्यावर चिमण्यांच्या एका जोडप्याने घरटे केले. त्या घरट्याने माझी कौले तर अडविलीच, पण माझे एक जुने प्रवचनही अडविले. ते कसे, हे आज आपणांस सांगावयाचे आहे.

आधी प्रवचनाची गोष्ट सांगतो. त्याच्या आदल्या पावसाळ्यात आमच्या मंडळीतील एका बाईचे चार वर्षांचे मूल तापाने दगावले. पुरतेवेळी मी मत्तयाचा दहावा अध्याय वाचला. दमडीच्या मोलाची चिमणी, तीही देवाच्या नजरेबाहेर पडत नाही, मग तुमचे लेकरू कसे पडेल, असे मी बोललो. शब्द भराभर सुचत गेले. खरे सांगावयाचे तर बोलणे चांगले झाले असे त्या दिवशी मला वाटले होते. महिन्याभराने ती बाई आमच्या ओसरीवर आली. बसली नाही. खांबाला धरून उभ्यानेच म्हणाली, "मास्तर, चिमणी पडताना देव बघतच व्हता, असं तुम्ही म्हणालात न्हवं? मग त्यानं हात का नाही लावला?"

मी काहीच उत्तर दिले नाही असे नाही. देवाचे विचार आपल्या विचारांहून उंच आहेत, हे दिवस परीक्षेचे आहेत, इत्यादी जे सांगण्याची आम्हां उपदेशकांस सवय असते ते सर्व सांगितले. तिने ऐकून घेतले, "बरं" म्हणाली आणि गेली. त्या दिवसापासून ती उपासनेस येई, पण अगदी दाराशी बसे, आणि आशीर्वचनापूर्वी उठून जाई. हे सर्वांनी पाहिले. कोणी काही बोलले नाही, आणि मीही बोललो नाही.

आता माळ्याकडे वळू. आपल्या घरांत वळचण ही जागा अशी आहे की ती धड आत नाही, धड बाहेर नाही. वासे भिंतीवर टेकतात तेथे वीतभर फट राहते. तिच्यातून वारा येतो, मांजर येत नाही. नेमकी तीच जागा त्या जोडप्याने हेरली. नराच्या गळ्याखाली काळा डाग असतो, मादी साधी मातकट रंगाची. दोघांनी मिळून गवताच्या काड्या, कोंबडीची पिसे, सुतळीचे तुकडे, आमच्याच घरातील केसांचे गुंतवळ असे जे मिळेल ते आणून त्या फटीत कोंबले. बाहेरून पाहणारास तो निव्वळ केर वाटावा. मी भाताच्या कणगीमागे पोत्यावर बसून पाहत असे, आणि ती दोघे बाहेर गेली असता काठीस आरसा बांधून आत डोकावत असे. चिमणी रोज एक ह्याप्रमाणे अंडी घालते. चार झाली, मग पाचवे झाले.

कौले चाळणारा गडी ठरलेला होता. तो आला, त्याने वर पाहिले, आणि हे घरटे काढल्यावाचून त्या बाजूचे वासे उघडता येणार नाहीत असे सांगितले. मी काढावयास निघालोही होतो. तेव्हा आमच्या मातोश्री चुलीजवळून म्हणाल्या, "अरे, बाळंतिणीला कोणी घराबाहेर काढतं का? पिलं उडू देत." गडी हसला व दुसऱ्या गावी कामास निघून गेला. आता तो पुन्हा केव्हा सापडेल ह्याची शाश्वती नव्हती. शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांनीही मला टोकले की, धान्याचे चोर घरात कशाला पोसता?

ही तक्रार फार जुनी आहे, आणि तिचे फळ एका मोठ्या राष्ट्राने भोगलेले आहे. चीन देशात १९५८ साली सरकारनेच चिमण्यांविरुद्ध मोहीम काढली. लोकांनी थाळ्या व डबे बडवून पाखरांना कोठे बसूच दिले नाही. ती थकून आभाळातून खाली पडली. पुढे पिकांवर किडी माजल्या, आणि १९६० साली नाशयोग्य प्राण्यांच्या यादीतून चिमणीचे नाव खोडून तेथे ढेकणाचे नाव घालावे लागले. कारण मोठी चिमणी दाणे टिपते हे खरे असले, तरी पिलांना ती सहसा दाणे भरवीत नाही. पिलांना मुख्यतः मऊ अळ्या, किडे व नाकतोडे लागतात. हे मी स्वतःच्या परसात पाहिले. दोडक्याच्या वेलावरच्या अळ्या वेचून नेण्यास मला मजूर लावावा लागला नाही.

बारा-तेरा दिवस अंडी उबविल्यावर पिले निघाली. पिल्लू अगदी उघडे, आंधळे, मांसाच्या गोळ्यासारखे असते. त्यास तोंड तेवढे मोठे, आणि त्याची कड पिवळी. मादी शेवटचे अंडे घातल्याच्या सुमारास नेटाने उबवावयास बसते, म्हणून पहिली पिले जवळजवळ एकदम निघतात आणि शेवटचे मागे राहते. आमच्याही घरट्यात चार एका दिवसात निघाली, पाचवे दुसऱ्या दिवशी. त्या एका दिवसाचे अंतर त्याला पुढे भरून काढता आले नाही. आई अथवा बाप चोचीत अळी घेऊन आला म्हणजे पाचही चोची वर होत; पण ज्याची मान अधिक उंच त्याच्या तोंडी घास प्रथम पडे. एके सकाळी मी तासभर खेपा मोजल्या. त्या विसाच्या आतबाहेर भरल्या. घास देऊन जाताना पुष्कळदा पिलांची विष्ठा, जी एका पांढऱ्या पिशवीत बांधल्यासारखी निघते, ती चोचीत धरून बाहेर नेऊन टाकावयाची, पुन्हा यावयाचे. डोंगराच्या शेवाळलेल्या वाटेने हंड्यावर हंडे वाहणाऱ्या आपल्या बायकांची मला तेव्हा आठवण झाली.

आकाशातील पाखरांना स्वर्गीय पिता पोसतो, हे वचन मी किती वेळा वाचले असेन! परंतु तो कसा पोसतो, ह्याचा विचार कधी केला नव्हता. आभाळातून दाणा टपकत नाही. तो त्या दमलेल्या दोन चोचींतून येतो, परसातील वेलावरून येतो, आणि "पिलं उडू देत" म्हणणाऱ्या एका म्हातारीच्या तोंडूनही येतो. पित्याच्या पोसण्यात इतक्यांचे हात लागतात, आणि त्यांतील एकाने आपला हात काढून घेतला तर घरटे उपाशी राहते. मग मला ती दाराशी बसणारी बाई आठवली, आणि तिच्या घरी त्या वर्षभरात मी स्वतः किती खेपा केल्या ते मोजू लागलो. मोजण्यास बोटेही लागली नाहीत. एकच होती.

चौऱ्याऐंशीवे स्तोत्र मी माळ्यावरच पुन्हा उघडले. चिमणीला व भिंगरीला देवाच्या वेद्यांपाशी घर मिळाले, ह्याचा हेवा त्या स्तोत्रकर्त्यास वाटतो. यरुशलेमेचे मंदिर म्हणजे केवढे सोने, केवढा दगड! तरी त्यातही पाखरास पुरेल एवढी फट राहिली होती, आणि याजकांनी ती बुजविली नव्हती. हल्ली आपल्या गावांतही स्लॅबची घरे होत आहेत. त्यांत वळचण नाही, वासा नाही, फट नाही. मोठ्या शहरांतून चिमण्या कमी झाल्या, हे भारतातील पक्ष्यांविषयीच्या २०२० सालच्या अहवालात नमूद आहे. देशभर मात्र त्या टिकून आहेत असेही त्यात म्हटले आहे. (मोबाईलच्या मनोऱ्यांनी चिमण्या मेल्या, असे छातीठोकपणे सांगणारे पुष्कळ भेटतात, त्यास भक्कम पुरावा मिळालेला नाही.) २०१० सालापासून २० मार्च हा दिवस चिमणीचा म्हणून पाळतात. दिवस पाळावा, त्याबरोबर नव्या घराच्या छपराखाली एखादी लाकडी पेटी टांगावी, हेही बरे.

परंतु ते स्तोत्र कोणाच्या नावावर आहे, ते पहा. ते कोरहाच्या पुत्रांचे आहे. गणनेच्या सोळाव्या अध्यायात कोरहाची काय दशा झाली, ती आपण जाणता; आणि सव्विसाव्या अध्यायात लिहिले आहे की त्याचे पुत्र मात्र वाचले. त्यांचे वंशज पुढे मंदिराचे द्वारपाळ झाले. ज्यांच्या कुळाने घरातील माणसे धरणीत गेलेली पाहिली, त्यांना देवाने आपल्या दाराशी जागा दिली; आणि त्याच स्तोत्रात आपल्या देवाच्या घराच्या उंबरठ्यापाशी उभे राहणे त्यांना दुष्टांच्या तंबूतील राहण्याहून बरे वाटते. आमच्या उपासनेत दाराशी बसणाऱ्या बाईस मी मनातल्या मनात विश्वासात थंडावलेली म्हणत आलो होतो. ती कोरहाच्या पुत्रांच्या जागी बसली होती, हे माझ्या ध्यानात आले नव्हते.

पिले पाच-सहा दिवसांची झाली असतील. एके दुपारी माळ्यावर बारीक चिवचिव ऐकू आली म्हणून गेलो, तो पाचवे पिल्लू फळीवर पडलेले. जिवंत होते. घरात सर्वांनी एकच गिल्ला केला की, त्याला हात लावू नका. माणसाचा हात लागला की चिमण्या पिलाला घरट्यात घेत नाहीत, टोचून मारतात. ही समजूत मीही लहानपणापासून बाळगून होतो. ती खोटी आहे. बहुतेक पाखरे आपले पिल्लू वासावरून टाकून देत नाहीत. सुरक्षितपणे परत ठेवता येत असेल तर ठेवावे, असेच पक्षी जाणणारे लोक सांगतात. मी शिडी लावली, पिल्लू तळहातावर घेतले, फटीत ठेवले, आणि कणगीमागे जाऊन बसलो. थोड्या वेळाने मादी अळी घेऊन आली. तिने पाचही तोंडांकडे पाहिले आणि ह्या वेळी घास पाचव्याला दिला.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते पुन्हा खाली पडलेले आढळले. ह्या वेळी मेलेले होते.

बंधूंनो, येथे मला आपले प्रवचन आठवले, आणि मी खाली येऊन शास्त्र उघडले. मत्तयाच्या अध्यायात चिमणी पडत नाही असे प्रभूने कोठे म्हटले आहे? त्याने तसे म्हटलेले नाही. ती पडते, हे त्याने धरूनच चालले आहे. ती पित्यावाचून पडत नाही, एवढेच तो सांगतो. मूळ ग्रीक भाषेत तेथे इच्छा किंवा आज्ञा असा शब्दच नाही. "तुमच्या पित्यावाचून" इतकेच आहे. आम्ही उपदेशक तेथे आपल्या पदरचे शब्द घालतो आणि शोक करणाऱ्यांना सांगतो की, देवाने हे घडवून आणले, म्हणून उगे राहा. वचन सांगते ते निराळे आहे. जेथे ती पडली तेथे पिता होता.

लूक ह्याहून एक गोष्ट अधिक सांगतो. मत्तयात दोन चिमण्यांना एक नाणे पडते. त्या काळी एक दीनार म्हणजे मजुराची दिवसाची मजुरी, आणि हे नाणे त्याचा सोळावा हिस्सा. ह्या हिशेबाने दोन नाण्यांस चार चिमण्या मिळावयाच्या. पण लूकात दोन नाण्यांस पाच मिळतात. भोरच्या बाजारात भाजीवाली दोन जुड्यांवर चिमूटभर कोथिंबीर टाकते, तशी ही पाचवी चिमणी फुकट वर टाकलेली आहे. तिला किंमतच नाही. आणि प्रभू म्हणतो की त्यांतील एकीचाही देवाला विसर पडलेला नाही. हा अध्याय मी कित्येक वर्षे वाचीत होतो. पाचवी कोठून आली हे मात्र माळ्यावर बसेपर्यंत मी विचारले नव्हते.

ह्याच संबंधाने एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. प्रसिद्ध पक्षितज्ज्ञ सालिम अली (१८९६-१९८७) ह्यांनी बालपणी, १९०६-०७ च्या सुमारास, तबेल्याच्या भिंतीतील एका भोकात अंड्यांवर बसलेली चिमणी पाहिली. बाहेर खिळ्यावर नर राखण करीत होता. मुलाच्या हाती बंदूक होती. त्याने नर मारला. थोड्याच वेळात दुसरा नर येऊन त्याच खिळ्यावर बसला. त्यालाही मारले. सात दिवसांत असे आठ नर त्या खिळ्यावरून पडले, आणि घरट्याचा संसार तसाच चालू राहिला. जगाची रीत अशी आहे. खिळा रिकामा राहत नाही, आणि पडलेल्याची कोणी आठवण ठेवीत नाही. परंतु त्या मुलाने ते आठही वहीत लिहून ठेवले. पुढे हाच मुलगा पाखरांचा मोठा अभ्यासक झाला, आणि १९८५ साली आपले आत्मचरित्र प्रसिद्ध करताना त्याने त्यास "द फॉल ऑफ अ स्पॅरो", म्हणजे चिमणीचे पडणे, हे नाव दिले. हे शब्द शेक्सपिअरच्या हॅम्लेट नाटकातले, आणि त्या नाटकात ते मत्तयाच्या ह्याच अध्यायावरून आलेले आहेत. मारणाऱ्या पोराच्या वहीतही ज्यांची मोजदाद राहिली, त्यांची मोजदाद पित्याजवळ नसेल काय?

आपले रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) ह्यांची "केवढे हे क्रौर्य" ही कविता आपणांपैकी पुष्कळांनी शाळेत पाठ केली असेल. घायाळ झालेली पक्षीण धडपडत घरट्यापर्यंत जाते आणि पिलांसाठी आणलेला शेवटचा चारा त्यांना देऊन प्राण सोडते. मी ती कविता मुलांना शिकविताना नेहमी पारध्याविरुद्ध बोलत असे. माळ्यावर मात्र मला ती पक्षीण दिसली. पित्यावाचून पडत नाही ह्याचा अर्थ ख्रिस्ती माणसाने कोठे शोधावा, तर वधस्तंभापाशी. तेथे पुत्र पडला, आणि हात का लावला नाहीस हाच प्रश्न त्याने स्वतःच मोठ्याने विचारला. त्या बाईने विचारलेला प्रश्न आमच्या प्रभूच्या तोंडचा आहे, हे मला एका वर्षाने कळले, आणि मी तिला त्याबद्दल परीक्षेचे दिवस सांगून परत पाठविले होते.

ते पिल्लू मी कुंपणाजवळ जास्वंदीच्या बुडाशी पुरले. मादीचे म्हणाल तर ती त्या सकाळी थोडा वेळ फळीभोवती चिवचिवली, मग अळी आणावयास गेली. तिच्या मनात काय होते ते मी सांगू शकत नाही, आणि पाखराच्या तोंडी माणसाचे दुःख घालण्याची मला इच्छाही नाही. उरलेल्या चौघांच्या खेपा चालूच राहिल्या.

दुसऱ्या दिवशी मी त्या बाईच्या घरी गेलो. हाती शास्त्र घेतले नव्हते. ती नाचणी निवडीत होती. मीही सूप ओढून खडे वेचू लागलो. बऱ्याच वेळाने म्हणालो, "बाई, तुम्ही विचारलं होतं त्याचं उत्तर मला तेव्हा येत नव्हतं. आजही येत नाही. येतं म्हणून मी सांगितलं, ते चुकलं." तिने वर पाहिले नाही. मग मी माळ्यावरची हकीकत सांगितली, तीही प्रवचनासारखी नव्हे, जशी घडली तशी. पाचव्याचे सांगितल्यावर तिचा हात थांबला. "हात लावलात तुम्ही?" तिने विचारले. मी म्हटले, "लावला. आईनं घेतलंही त्याला. तरी ते गेलं." ती काही बोलली नाही. निघताना तिने ताकाचा पेला दिला.

त्यानंतर मी दर आठवड्यास एक खेप करू लागलो, आणि मला पाहून मंडळीतील दोघी-तिघी जाऊ लागल्या. कोणी राबाच्या कामास हात लावी, कोणी नुसतीच बसे.

मे महिना संपता संपता चारही पिले एकाच सकाळी फटीच्या तोंडाशी आली. एक उडून कुंपणावर बसले, दोन त्याच्यामागे गेली, चौथ्याने मात्र दुपारपर्यंत वाट पाहावयास लावली. त्याच रात्री वळवाचा पाऊस झोडपून गेला. न चाळलेल्या कौलांतून माळ्यावर धारा लागल्या. एक पोते भात भिजले आणि माझी कित्येक वर्षांची प्रवचनांची टिपणे लगदा झाली. गडी जूनच्या पहिल्या आठवड्यात सापडला. तो वर कौले सारीत होता आणि आम्ही खाली भात वाळत घालीत होतो, तेव्हा ती बाई आली.

तिने आधी वळचणीकडे पाहिले, मग विचारले, "ते पाचवं कुठं पुरलंत, मास्तर?" मी जास्वंदीकडे बोट केले. ती तेथे जाऊन बसली. बराच वेळ गेला. गड्याने काम आवरले, शिडी काढून भिंतीस लावली, तरी ती बसलीच होती. मग पदराने तोंड पुसून ती ओसरीवर आली आणि ह्या खेपेस बसली. म्हणाली, "त्या दिवशी वाचलंत ते पुन्यांदा वाचा. नुसतं वाचा."

मी शास्त्र आणले, मत्तयाचा दहावा अध्याय काढला, आणि एकोणतिसाव्या वचनापासून वाचावयास लागलो.